मुलाम्याचे पाणी

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या घरातली पितळेची नि तांब्याची भांडी माळ्यावरून खाली उतरतात. चिंच, रांगोळी आणि नारळाची शेंडी घेऊन घरातली मंडळी मोरीपाशी बसतात आणि संध्याकाळपर्यंत समया, निरांजने, ताम्हन, पळी-पंचपात्र अशी सारी पंगत नवी होऊन अंगणात मांडलेली दिसते. त्या पंगतीत एक कुंकवाचा करंडा मात्र कधीच नसतो. तो आई स्वतः देवघरातून उचलते, जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्याने पुसते आणि दरवर्षी न चुकता माझ्या बायकोला बजावते, "सूनबाई, ह्याला चिंच लावू नगंस. सोन्याचं पाणी दिलंय त्येला."

सोन्याचे पाणी! हे शब्द आपल्या भाषेत इतके रुळले आहेत की त्यातले पाणी खरेच पाणी असेल असे कुणाच्या मनातही येत नाही. आपण माणसाचे पाणी जोखतो, मोत्याचे पाणी वाखाणतो, कुठेतरी पाणी मुरते आहे असा संशय घेतो. त्यातलाच हाही एक अलंकार असावा असे चारचौघांना वाटते. परंतु मी मुलामेवाल्याचा मुलगा. आमच्या घरात पाणी हा शब्द अलंकार नव्हता. ते पाणी टाकीत असे, त्याला रंग असे, वास असे, नि आबा त्याच्याविषयी घरी येऊन असे बोलत जसे शेतकरी बैलाविषयी बोलतात. "आज निकेलच्या पाण्यानं लई तरास दिला," असे म्हणून ते पायरीवर बसत आणि आई चहा ठेवी.

माझे शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक; म्हणजे आताची दहावी. पुढे रेघोट्या ओढण्याच्या नादाने चित्रकलेचा मास्तर झालो आणि मास्तरकीतून वेळ उरला म्हणून चार कादंबऱ्या लिहिल्या. त्या कादंबऱ्यांत शेत आले, नदी आली, तालीम आली, बाजार आला. पण ज्या टाक्यांच्या पाण्यावर आमचे घर चालले त्या टाक्या कधी आल्या नाहीत. का आल्या नाहीत, ते लिहायला आज बसलो आहे.

आबा कोल्हापुरातल्या एका मुलाम्याच्या कारखान्यात कामाला होते. सायकलीची हँडले, नळाच्या तोट्या, दाराच्या कड्या, कपाटाच्या मुठी असले सामान तेथे काळवंडलेले येई आणि आरशासारखे होऊन जाई. दिवाळीच्या सुट्टीत आबांचा डबा घेऊन मी तेथे जात असे. पत्र्याची शेड, एका कोपऱ्यात पॉलिशची चाके, दुसऱ्या कोपऱ्यात वीज एकाच दिशेने सोडणारे घूं घूं करणारे रेक्टिफायर, आणि मध्ये ओळीने टाक्या. चित्रकलेचा पहिला धडा मी तेथे घेतला असे म्हटले तरी चालेल. मोरचुदाची टाकी मोराच्या मानेसारखी निळी. निकेलची टाकी पोपटी म्हणावी तर पोपटी नाही, पाचूसारखी खोल हिरवी. क्रोमची टाकी वरून पाहिली तर काळपट तांबडी, नि थेंब उडाला तर झेंडूसारखा केशरी. आणि या सगळ्या रंगपंचमीत एक टाकी अगदी साधी, किंचित पिवळसर, जणू कुणी तांदूळ धुतलेले पाणी गाळून ठेवले आहे. तिच्याकडे मात्र मला जाऊ देत नसत. ती सायनाइडची टाकी.

मुलाम्याची करणी सांगायला सोपी आहे. ज्या वस्तूला मुलामा द्यायचा ती विजेच्या ऋण टोकाला बांधून पाण्यात लोंबकळत ठेवायची. बहुतेक टाक्यांत चढवायच्या धातूचा पत्रा धन टोकाला लावायचा. आणि पाण्यात त्याच धातूचे क्षार विरघळवायचे. वीज सुरू झाली की पाण्यातले धातूचे कण वस्तूवर जाऊन बसतात. शाळेच्या पुस्तकात याला विद्युत विलेपन म्हणतात आणि पाण्याला विद्युत अपघटनी. पुस्तकात याची एक आकृतीही असते. त्या आकृतीत वीज दाखवतात, दोन पट्ट्या दाखवतात, आणि उरलेली जागा भरायची म्हणून आडव्या तुटक रेघा मारून पाणी दाखवतात. मी स्वतः फळ्यावर ती आकृती तशीच कितीदा तरी काढली आहे. प्रत्यक्षात सारा खेळ त्या तुटक रेघांत असतो.

हे मला सातवीत असताना कळले. शास्त्राच्या मास्तरांनी काचेच्या पेल्यात मोरचुदाचे निळे पाणी करून त्यात लोखंडी खिळा सोडला होता. थोड्या वेळाने काढून पाहतो तो खिळा तांब्याचा! वर्गात टाळ्या पडल्या. मास्तरांची पाठ वळल्यावर तो खिळा मी खिशात घातला नि संध्याकाळी आबांच्या पुढे मोठ्या ऐटीत धरला. म्हटले, "आबा, तुमच्या कारखान्यात उगीच विजेचं बिल भरतात. हे बघा, विजेवाचून तांबं चढलं."

आबांनी खिळा हातात घेतला, अंगठ्याने एकदाच दाबून पुसला. तांबे त्यांच्या अंगठ्याला आले नि खाली काळे लोखंड उघडे पडले. ते हसले नाहीत. म्हणाले, "हे रंगलंय, लेका. चढलं न्हाई."

मग पायरीवर बसून त्यांनी मला सांगितले ते त्यांच्या भाषेत होते. पुढे पुस्तकांशी ताडून पाहिले तेव्हा त्यात एक अक्षर चुकीचे निघाले नाही. मोरचुदाच्या पाण्यात तांब्याचे कण मोकळे फिरत असतात. लोखंड त्यांच्यापेक्षा उतावळे. ते स्वतः पाण्यात उतरते आणि तांब्याला आपल्या जागी बसवते. विजेची वाटसुद्धा कुणी पाहत नाही. अशा झटापटीत बसलेले तांबे भुसभुशीत असते, लोखंडाशी त्याचा जीव जडत नाही. त्यावर नंतर कितीही जाड तांबे विजेने चढवा, कितीही चकचकीत निकेल द्या. पायाच कच्चा असल्यामुळे ते सगळे एक दिवस पापुद्रा होऊन उठते. म्हणून लोखंडाच्या वस्तूला तांब्याचा पहिला हात मोरचुदाच्या टाकीत देत नाहीत. तो त्या साध्या, पिवळसर टाकीत देतात. सायनाइड तांब्याच्या कणाला असे घट्ट धरून ठेवते की लोखंडाने नुसता हात पुढे केला म्हणून ते सुटत नाही. विजेने एकेक कण ओढून घ्यावा लागतो. म्हणून तो बेताने येतो, बारीक येतो, कोनाकोपऱ्यात शिरतो आणि बसला की उठत नाही. असा पातळ हात बसला की मग खुशाल मोरचुदाच्या टाकीत घाला. तेथे तांबे भराभर चढते, ओरखडे भरून काढते, नि आरशासारखे होते.

धातू तोच, वीज तीच, वस्तू तीच. पाणी बदलले की निकाल बदलला. एवढेच नव्हे, हिशेबसुद्धा बदलतो. १८३० नंतरच्या दशकात मायकेल फॅरेडे यांनी वीज आणि धातू यांचे गणित बसवून दिले. त्या गणिताने एक अँपिअर वीज तासभर सोडली तर मोरचुदाच्या पाण्यातून १.१९ ग्रॅम तांबे उतरते. सायनाइडच्या पाण्यातून २.३७ ग्रॅम, म्हणजे दुप्पट. कारण पहिल्या पाण्यात तांब्याच्या प्रत्येक कणाला विजेचे दोन घास लागतात, दुसऱ्यात एकच पुरतो. प्रत्यक्षात सायनाइडच्या टाकीत बरीचशी वीज बुडबुडे काढण्यातच जाते आणि तो नफा हाती लागत नाही, ही गोष्ट निराळी. आबांना फॅरेडे ठाऊक नव्हते. पण "ह्या पाण्याचा हिशेब त्या पाण्याला लावू नगंस," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कितीदा तरी ऐकले आहे.

या सायनाइडच्या पाण्याचा इतिहास मोठा मजेदार आहे. इटलीतल्या ब्रुन्यातेल्ली नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १८०५ मध्येच, व्होल्टाने विजेचा घट करून दाखवल्यावर पाचच वर्षांनी, चांदीच्या पदकांवर विजेने सोने चढवून दाखवले होते. पण धंदा म्हणून ही कला पस्तीस वर्षे रांगत राहिली. विजेचा घट होता, सोने-चांदीही होती. अडले होते ते पाण्याशी. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरी जॉन राइट नावाचे एक शस्त्रवैद्य होते. शेले या जुन्या रसायनशास्त्रज्ञाचे लेखन वाचताना त्यांना सोने-चांदीचे क्षार सायनाइडमध्ये विरघळतात असे आढळले. त्यांनी ते पाणी करून पाहिले आणि घट्ट, जाड, सफाईदार मुलामा मिळाला. त्याच गावच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० मध्ये त्याचे पेटंट घेतले, आणि मध्यमवर्गाच्या मेजावर चांदीच्या मुलाम्याचे चमचे आले. त्याच्या आधी सोन्याचा मुलामा पाऱ्याने देत. सोने पाऱ्यात कालवायचे, ते वस्तूला माखायचे नि भट्टीवर पारा उडवून द्यायचा. उडालेला पारा मुलामेवाल्याच्या छातीत जाई. तेव्हा सायनाइडचे पाणी आले ही त्या कारागिरांवर मेहेरबानीच झाली म्हणायची. विषाच्या वाफेऐवजी विषाचे पाणी! मुलाम्याच्या धंद्यात मेहेरबानी बहुधा अशीच असते.

त्या पाण्याचा प्रसाद मला एकदा मिळता मिळता राहिला. मी नववीत होतो. सुट्टीत हाताला काम म्हणून आबांनी मला कड्या तारेला अडकवण्याच्या कामावर बसवले होते. लोखंडाच्या कड्या आधी ॲसिडमध्ये बुडवून गंज काढायचा, मग साध्या पाण्याच्या दोन हौदांत धुवायच्या आणि मगच पुढे द्यायच्या असा क्रम. त्या दिवशी मिस्त्री जेवायला गेला होता. मला आपली हुशारी दाखवायची हौस आली. ॲसिडमधून कड्यांची तार उचलली आणि मधले हौद ओलांडून, ठिबकत ठिबकत, थेट त्या पिवळसर टाकीकडे निघालो.

टाकी चार हातांवर असेल. मागून आबा आले ते धावतच. त्यांनी तार हिसकावून साध्या पाण्यात फेकली नि माझ्या कानाखाली अशी दिली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. आयुष्यात त्यांनी मला मारले ते तेवढेच एकदा. मग स्वतःच खाली बसले. त्यांचे हात थरथरत होते. सायनाइडमध्ये ॲसिड गेले की जो वायू निघतो त्याने माणूस उभ्याचा आडवा होतो. श्वास राहिला की ते म्हणाले, "दोन पाण्यांत साधं पाणी असतं ते कशापायी असतं? आधी साधं पाणी, मग दुसरं पाणी. हे इसरलास तर पुन्हा हितं पाय ठेवू नगंस."

निकेलची टाकी मात्र आबांची लाडकी होती. तिचे पाणी ओलिव्हर वॉट्स नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकाने १९१६ मध्ये बसवून दिलेले. जगभर आजही थोड्याफार फरकाने तेच चालते. त्यात तीन जिनसा. निकेल सल्फेट हे मुख्य धान्य. निकेल क्लोराइड कशासाठी, तर धन टोकाचा निकेलचा पत्रा नीट विरघळत राहावा म्हणून. आणि बोरिक ॲसिड, वस्तूजवळच्या पाण्याचा आंबटपणा ढळू नये म्हणून. यातले एक कमी पडले की लगेच कळते. बोरिक ॲसिड घटले तर कडांना मुलामा करपल्यासारखा होतो. क्लोराइड घटले तर पत्रा रुसून बसतो. आणि चकाकी यावी म्हणून त्यात आणखी काय घालतात असे वाटते? सॅकरिन! मधुमेहाच्या माणसाच्या चहात घालतात तेच. त्याने निकेलचे कण बारीक बसतात आणि मुलामा तडकत नाही. एकदा आबांनी दिवाळीत हे सांगितले तेव्हा आई लाडू वळत होती. ती म्हणाली, "म्हंजे तुमच्या निकेललाबी फराळ लागतोय म्हणा की!" आबा खूप हसले. आबांचे हसणे मला आठवते ते त्या दिवसाचे.

आणि आता क्रोमची टाकी. इतका वेळ तिला टाळत आलो.

क्रोमचे पाणी सगळ्या पाण्यांहून वेगळे. तेथे धन टोकाला क्रोमचा पत्रा नसतोच; शिशाचा असतो. धातू येतो तो सगळा पाण्यातूनच. तांबड्या पापडीसारखे क्रोमिक ॲसिड मिळते, ते विरघळवतात. लिटरला अडीचशे ग्रॅम. पण नुसत्या त्या पाण्यात कितीही वीज सोडा, क्रोम चढत नाही. त्यात शंभराला एक या प्रमाणात सल्फेट लागते, म्हणजे लिटरला अडीच ग्रॅम. तेवढी चिमूट पडली की निळसर पांढरा आरसा उमटू लागतो; चिमूट बरीच कमी झाली, की मुलामा बिघडतो; बरीच जास्त झाली तरी बिघडतो. भाजीतल्या मिठासारखे हे प्रकरण आहे. गंमत अशी की सायकलच्या हँडलवर आपण ज्याला क्रोमची चमक म्हणतो ती बहुतांशी खालच्या निकेलची असते. क्रोमचा थर एका मायक्रॉनच्याही आत, माणसाच्या केसाच्या शंभराव्या हिश्श्याहून पातळ. तो फक्त निकेलला काळवंडू देत नाही.

पण या पाण्याची एक खोड वाईट. त्यात सोडलेल्या विजेपैकी शंभरातले दहा-वीस हिस्से क्रोम चढवण्यात जातात. बाकीची सगळी पाण्यातून वायूचे बुडबुडे काढते. टाकी सारखी खदखदत असते, आणि फुटणारा प्रत्येक बुडबुडा त्या केशरी पाण्याचा तुषार वर उडवतो. जो टाकीवर वाकून उभा असतो त्याच्या नाकात तो जातो.

१९९१ साली आबा क्रोमच्या टाकीवर गेले. तेथे पगार थोडा जास्त मिळे. त्या जास्तीच्या पैशांचे काय झाले हे मला चांगले ठाऊक आहे, कारण त्यातली पहिली खरेदी माझी होती. चित्रकलेच्या परीक्षेसाठी मला जलरंगांची पेटी हवी होती. आबांनी ती आणून दिली. तिच्यात बारा रंग होते, आणि एकाचे नाव होते क्रोम यलो. हा पिवळा रंग पिढ्यान्‌पिढ्या शिसे आणि क्रोमियम यांच्यापासून करत आले आहेत. व्होक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ मध्ये हा धातू शोधला तेव्हा त्याच्या क्षारांचे रंग पाहून त्याचे नावच ग्रीक भाषेतल्या रंग या शब्दावरून ठेवले. मी आबांच्या टाकीचे चित्र काढले, तिच्या तांबड्या पाण्यावर वाकलेले आबा काढले, आणि उडणारे तुषार दाखवायला त्याच पिवळ्याचे ठिपके दिले. चित्राला बक्षीस मिळाले. आबांनी ते कारखान्यात नेऊन सगळ्यांना दाखवले.

दोन वर्षांनंतरची दिवाळी. नरकचतुर्दशीची पहाट. आईचे उटणे आमच्या गल्लीत प्रसिद्ध. कचोरा, नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गुलाबाच्या पाकळ्या अशा जिनसा आणून ती स्वतः कुटून वस्त्रगाळ करी. त्या पहाटे चुलीवर पाणी तापले होते, दाराशी पणत्या होत्या, आई आबांच्या पाठीला तेल-उटणे लावत होती नि सारे घर त्या वासाने भरून गेले होते. आबा मजेत म्हणाले, "औंदा उटण्याला वास न्हाई गं. जुना कचोरा दिला जणू वाण्यानं."

आईचा हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिले, मी तिच्याकडे. नंतर तिने उटण्याची वाटी आबांच्या नाकाजवळ नेली नि विचारले, "आता?"

आबांनी जोराने श्वास घेतला. त्या श्वासाबरोबर त्यांच्या नाकातून बारीक शिट्टीसारखा आवाज आला. तो आवाज आम्ही काही महिने ऐकत होतो नि सर्दी म्हणून सोडून देत होतो. "न्हाई," ते म्हणाले.

दिवाळीनंतर दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी नाकात बॅटरीचा उजेड टाकून पाहिले आणि धंदा काय म्हणून विचारले. नाकाच्या दोन पुड्यांमधल्या पडद्याला आरपार भोक पडले होते. क्रोमवाल्यांच्या नाकाची ही जुनी ओळख. दुखत नाही, म्हणून कळत नाही. आबा घरी आले नि म्हणाले, "नाक काय, दिसायला तर जागेवर हाय." आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. माझी दहावी व्हायची होती.

पुढच्या दिवाळीत आईने उटण्यात सगळे दुप्पट घातले. गल्लीच्या टोकापर्यंत वास गेला. आबा पाटावर बसले, लांब श्वास घेतला आणि म्हणाले, "व्वा! झकास." आई काही बोलली नाही. ती त्यांच्या पाठीला उटणे चोळत राहिली. मी दाराआड उभा होतो. त्या एका शब्दाइतकी खोटी आणि त्याच्याइतकी प्रेमाची गोष्ट मी पुढे कुठल्याही कादंबरीत लिहू शकलो नाही.

तो करंडा त्याच वर्षीचा. आईच्या डोरल्यातले दोन मणी झिजून फुटले होते. आबांनी ते सोनाराकडे न देता कारखान्यात नेले आणि मालकाच्या परवानगीने, टाकीचे पैसे पगारातून कापून देऊन, पितळेच्या करंड्यावर चढवून आणले. आधी निकेलचा हात दिला, मग सोन्याचा. पितळेतले तांबे सोन्यातून हळूहळू वर येते नि मुलामा काळवंडतो. मध्ये निकेल असले की ते अडते. एक ग्रॅम सोने एक मायक्रॉन जाडीने पसरले तर शाळेच्या लांब वहीच्या पानाएवढी जागा झाकते. दोन मण्यांत करंडा सहज झाला. झाकणाची कड आता थोडी झिजली आहे. तेथे पांढरे निकेल दिसते. पितळ अजून दिसलेले नाही.

माझी दहावी झाली त्या उन्हाळ्यात आबांनी क्रोमची टाकी सोडली. पुढे ते एका मंदिराच्या आवारात वाहने सांभाळण्याचे काम करत. ते २०१६ मध्ये गेले, ताप येऊन, वयाने. त्यांच्या मरणाचा आळ मी टाकीवर घालत नाही. पण त्यांची शेवटची बावीस-तेवीस वर्षे मोगऱ्यावाचून, पहिल्या पावसावाचून, उटण्यावाचून गेली, ती टाकीनेच नेली.

यंदा दसऱ्याला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने बोलावले. त्याने औद्योगिक वसाहतीत स्वतःचा मुलाम्याचा कारखाना काढला आहे. म्हणाला, "सर, यंत्रांची पूजा आहे, या." मी जायला नको म्हणत होतो, आईने पाठवले. गेलो नि शेवटच्या टाकीपाशी थबकलो. वर झेंडूची माळ होती आणि खाली पाणी होते ते हिरवट, जांभळटाकडे झुकणारे. मी विचारले, "क्रोमची टाकी कुठे आहे?"

"हीच की, सर."

मला वाटले, पोरगा थट्टा करतो. मग त्याने समजावून दिले. क्रोमियम पाण्यात दोन तऱ्हांनी राहू शकते. जुन्या केशरी पाण्यात ते सहा संयुजांचे. जहाल, नाक-कातडी खाणारे, आणि १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलेले. या हिरव्या पाण्यात ते तीन संयुजांचे; पुष्कळ सौम्य. युरोपीय संघात २१ सप्टेंबर २०१७ पासून केशरी पाण्याचे क्रोम खास परवानगीवाचून वापरता येत नाही. "पण हे पाणी नाजूक फार, सर," तो म्हणाला. "लोखंडाचा, तांब्याचा, जस्ताचा थोडा अंश गेला तरी बिघडतं. जुन्या क्रोमचा अंश गेला तर नासतंच. रंगही किंचित काळसर येतो. जुनी गिऱ्हाइकं कुरकुरतात. आणि यंत्राच्या दांड्यांवर जाड, कठीण थर द्यायचा असला तर अजून जुनंच पाणी लागतं. ते काम मी घेत नाही." जस्ताची टाकीही त्याने सायनाइडवाचून चालवली होती.

मी विचारले, "हे हिरवं पाणी कधी निघालं?"

"तसं जुनं आहे, सर. १९७० नंतरच्या दशकातच बाजारात आलं होतं."

मी गप्प राहिलो. आबा केशरी टाकीवर वाकले ते १९९१ मध्ये. जगात तेव्हा दुसरे पाणी होते. कुठेतरी कुणीतरी हिशेब केला होता: हे स्वस्त, ते महाग, हे सवयीचे, ते नाजूक, याची चमक निळसर, त्याची काळसर. त्या हिशेबात सगळे होते. टाकीवर वाकणाऱ्याचे नाक तेवढे नव्हते. एवढे साधे आहे ते. आणि एवढे साधे आहे म्हणूनच इतकी वर्षे मला लिहिता आले नाही. केशरी पाण्याच्या पैशांतून आलेल्या रंगांनी मी चित्रकार झालो, हेही त्याच हिशेबात येते, आणि तो हिशेब माझ्याच्याने कधी पुरा होत नाही.

निघताना विद्यार्थी म्हणाला, "सर, एक काम आहे. नवी मुलं कामाला येतात, घाई करतात. ॲसिडच्या टाकीपाशी एक पाटी लिहून द्याल? तुमचं अक्षर सुरेख आहे."

पाटी मी परवा पुरी केली. काळ्या पत्र्यावर पिवळी अक्षरे. शिसे आणि क्रोम नसलेला पिवळा मुद्दाम शोधून आणला. आईला वाचता येत नाही, म्हणून तिने विचारले, काय लिहिलेस. मी वाचून दाखवले:

"आधी साधं पाणी, मग दुसरं पाणी."

आई पाटीकडे पाहत राहिली. मग उठून आत गेली नि उटण्याचा कचोरा कुटायला बसली. यंदाही ती सगळे दुप्पट घालणार आहे.